नाव सापडले नाही, की विचारलेच नाही?

जगातल्या सर्वांत उंच शिखराला स्थानिक नाव नव्हते, म्हणून इंग्रजांनी त्याला सर जॉर्ज एव्हरेस्ट यांचे नाव दिले, असे आपल्याकडे चांगली शिकलेली माणसे बिनदिक्कत सांगतात. स्पर्धा परीक्षेला बसणारी मुले हे वाक्य घोकतात. मराठी शाळेत ते आहे, उर्दू शाळेत आहे आणि इंग्रजी शाळेत तर आहेच. हे वाक्य खोटे आहे. सुमारे १७० वर्षांपूर्वी एका सरकारी अधिकाऱ्याने आपल्या पत्रात ते लिहिले आणि तेव्हापासून ते एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरत आले आहे.

मुसलमान लेखकांच्या मराठी वार्षिकात हिमालयाचे काय काम, असे कुणी विचारील. काम आहे. गेली काही वर्षे नावांचा प्रश्न आपल्या दारापर्यंत आला आहे. आपल्या शहरांची नावे बदलली आणि त्यावर भरपूर भांडणे झाली. पण घरच्या भांडणात माणूस नियम शोधत नाही, आपली बाजू शोधतो. म्हणून आम्हाला वाटते की आधी जरा दूरच्या डोंगराकडे पाहावे. त्या डोंगरावर ना आपल्या पूर्वजांचा दावा आहे, ना आपल्या विरोधकांच्या. तिथे जो न्याय खरा वाटेल तो मग घरी आणावा, आणि तो आपल्या विरुद्ध गेला तरी पाळावा. हे करायची तयारी नसेल तर नावांवर बोलण्याचा हक्क आपल्यालाही नाही.

आधी हकीकत पाहू. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ एक आधाररेषा मोजली आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडत हिंदुस्थान मोजायला सुरुवात केली. ही मोजणी आपल्या मुलखातूनच उत्तरेकडे गेली. लॅम्बटन स्वतः जानेवारी १८२३ मध्ये आजच्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे वारले आणि तिथेच त्यांची कबर आहे. त्यांच्यानंतर हे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे आले. १८३० मध्ये ते सर्व्हेअर जनरल झाले आणि १८४३ मध्ये निवृत्त होऊन विलायतेला परतले. ज्या शिखराला त्यांचे नाव आहे, ते त्यांच्या कारकिर्दीत मोजले गेलेच नव्हते.

एव्हरेस्ट यांच्या जागी अँड्र्यू वॉ आले. नेपाळच्या दरबाराने मोजणीवाल्यांना आत येऊ दिले नाही. म्हणून १८४९-५० मध्ये बिहारच्या सपाटीवरून, शंभर मैलांहून अधिक अंतरावरून, सहा ठिकाणी दुर्बिणी लावून हिमालयाची शिखरे टिपली गेली. तराईच्या तापाने या कामात किती खलाशी, किती निशाणवाले गेले याची आठवण कुणी ठेवली नाही. शिखरांना तात्पुरते रोमन आकडे दिले होते. त्यातले पंधरावे शिखर सर्वांत उंच निघाले. ही आकडेमोड करणाऱ्यांचे प्रमुख बाबू राधानाथ सिकदार हे बंगाली गणिती होते. १८५२ मध्ये ते धावत साहेबांच्या खोलीत गेले आणि ‘जगातले सर्वांत उंच शिखर मिळाले’ असे म्हणाले, अशी एक गोष्ट सांगतात. ती रंगवलेली असावी, कारण राधानाथ तेव्हा कलकत्त्याला होते आणि वॉ यांचे ठाणे डेहराडूनला होते. खात्याने चार वर्षे आकडे पुन्हापुन्हा तपासले आणि १८५६ मध्ये २९,००२ फूट ही उंची जाहीर केली. आज २०२० च्या मोजणीनुसार ती ८,८४८.८६ मीटर मानली जाते. इतक्या दूरवरून, हवेतल्या प्रकाशाच्या वळणाची चूक धरून केलेले हे काम किती अचूक होते ते या दोन आकड्यांवरून कळते. त्या कामाला आमचा सलाम आहे. आमची तक्रार उंचीबद्दल नाही, नावाबद्दल आहे.

मार्च १८५६ मध्ये वॉ यांनी कलकत्त्याच्या कचेरीला लिहिलेल्या पत्राचा आशय असा होता. आपले गुरू एव्हरेस्ट यांनी आपल्याला प्रत्येक जागेला तिचे खरे स्थानिक नाव द्यायला शिकवले. पण या डोंगराचे स्थानिक नाव आपल्याला सापडत नाही. असले तरी नेपाळात शिरल्याशिवाय ते कळणार नाही. तोवर नाव ठेवण्याचा मान आपल्याकडे येतो आणि आपण ते गुरूंचे ठेवतो. आता हे नीट वाचा. नियम सांगितला आणि त्याच पत्रात मोडला. स्थानिक नाव ठेवा असे शिकवणाऱ्या गुरूचा सन्मान करायचा म्हणून स्थानिक नाव बाजूला सारले. नाव असू शकते, आत गेल्यावर कळेल, असेही मान्य केले. पण आत जाईपर्यंत थांबायची तयारी नव्हती. पंधरा हा आकडा आणखी दहा-वीस वर्षे चालला असता तर डोंगराचे काही बिघडणार नव्हते.

यावर वॉ यांची बाजू घेणारे म्हणतात की त्यांनी विचारपूस केली, पण प्रत्येक जण वेगळे नाव सांगत होता. हे खरे आहे. काठमांडूला वीसहून अधिक वर्षे राहिलेले ब्रायन हॉजसन म्हणाले की या शिखराचे नाव देवढुंगा आहे. जर्मनीचे श्लागिंटवाइट बंधू म्हणाले, गौरीशंकर. पुढे कळले की गौरीशंकर हा वेगळाच डोंगर आहे. हॉजसन यांचे नावही टिकले नाही. म्हणजे स्थानिक नावाबद्दल गोंधळ होता हे आम्ही मान्य करतो. पण गोंधळ कुणाचा होता? एक साहेब दुसऱ्या साहेबाला विचारत होता आणि तिसरा साहेब त्यावर निवाडा देत होता. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या शेर्पाला आणि पलीकडच्या तिबेटी माणसाला यात कुणी विचारलेले नव्हते. त्यांच्या मनात कसलाही गोंधळ नव्हता. ते त्याला चोमोलुंग्मा म्हणत होते.

आणि हे नाव काही दऱ्याखोऱ्यांत दडलेले नव्हते. चीनच्या कांगशी बादशहाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिबेटची मोजणी करवली. त्या कामावर मोजणी शिकलेले लामा पाठवले होते. त्यांनी तिथल्या लोकांच्या तोंडचे नाव कागदावर आणले. त्या मोजणीवरून फ्रेंच नकाशाकार दांव्हिल यांनी १७३३ मध्ये पॅरिसला छापलेल्या नकाशात हे नाव फ्रेंच वळणाने लिहिलेले सापडते. १७३३ आणि १८५६ यांत १२३ वर्षांचे अंतर आहे. युरोपच्या एका राजधानीत छापलेले नाव युरोपच्याच दुसऱ्या सरकारच्या खात्याला ‘सापडले नाही’.

याहून मजेची गोष्ट म्हणजे या सन्मानाला विरोध केला तो खुद्द एव्हरेस्ट यांनी. १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत ते म्हणाले की आपले नाव हिंदीत लिहिता येत नाही आणि हिंदुस्थानातल्या माणसाला ते उच्चारता येत नाही. आम्ही त्यांच्या तर्काशी सहमत नाही. आमच्या वर्गातली मुले हे नाव उर्दूतही लिहितात आणि मराठीतही, कुणाची जीभ अडखळत नाही. पण म्हाताऱ्या अधिकाऱ्याची नियत साफ होती. जिथला डोंगर तिथल्या माणसाच्या तोंडी बसेल असे नाव हवे, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त होती. सोसायटीने ती ऐकली नाही आणि १८६५ मध्ये एव्हरेस्ट हे नाव पक्के केले. दुसऱ्याच वर्षी एव्हरेस्ट वारले. त्यांच्या घराण्यात आडनावाचा उच्चार ‘ईव्हरिस्ट’ असा होता. म्हणजे ज्या माणसाच्या मर्जीविरुद्ध त्याचे नाव डोंगराला चिकटवले, त्याचे नाव आज साऱ्या जगात चुकीचे उच्चारले जाते.

इथे आम्हाला अबू रैहान अल-बैरुनी यांची आठवण येते. वॉ यांच्या आठशे वर्षे आधी, १०३० च्या सुमारास, या माणसाने हिंदुस्थानावर अरबीत ग्रंथ लिहिला. तोही परका होता आणि महमूद गझनवीच्या काळात आला होता. पण तो संस्कृत शिकला. इथल्या नद्यांची, डोंगरांची, ताऱ्यांची, महिन्यांची नावे इथल्या लोकांना विचारून त्याने अरबी लिपीत उतरवली. अरबी लिपीत हे आवाज नीट बसत नाहीत, याची तक्रारही त्याने लिहून ठेवली आहे. त्याच्याकडे दुर्बिण नव्हती, खाते नव्हते, खलाशांची फौज नव्हती. फक्त विचारायची सवय होती. नाव कठीण आहे असे तो म्हणाला. नाव नाही असे म्हणाला नाही. या दोन वाक्यांत विद्वान आणि हाकिम यांच्यातला फरक आहे.

कुराणात आदमची जी हकीकत आहे ती आपल्या मुलांना मकतबातच कळते. अल्लाहने आदमला वस्तूंची नावे शिकवली आणि त्या इल्ममुळे त्याला फरिश्त्यांहून वरचा दर्जा मिळाला. ही हकीकत आपण मोठ्या अभिमानाने सांगतो, पण तिचा अर्थ पुरता घेत नाही. आदमच्या सगळ्या औलादीला नाव ठेवण्याचा हा वारसा मिळाला आहे. त्यात शेर्पाही आले. एखाद्या लोकसमूहाच्या तोंडचे नाव ‘नाही’ म्हणणे म्हणजे त्याला या वारशातून बेदखल करणे आहे.

वॉ यांना खरोखरच माहिती मिळाली नसेल, असेही आपण क्षणभर धरून चालू. मग माहिती मिळाल्यावर तरी काय झाले? १९२१ मध्ये इंग्रजांची पहिली मोहीम तिबेटच्या बाजूने निघाली. तिबेटी सरकारने दिलेल्या परवान्यात डोंगराचा उल्लेख चोमोलुंग्मा या नावाच्याच रूपाने होता. म्हणजे मालकाने दार उघडताना घराचे नाव सांगितले. पाहुणे आत गेले, डोंगर पाहिला, नकाशे काढले, पुस्तके लिहिली आणि नाव एव्हरेस्टच ठेवले. १८५६ मध्ये सबब अज्ञानाची होती. १९२१ नंतर तीही उरली नाही. तेव्हा मूळ मुद्दा माहितीचा नव्हताच. एका साहेबाने आपल्या आधीच्या साहेबाला दिलेली ती भेट होती, आणि भेट दिलेली वस्तू तिसऱ्याची होती.

आता आपल्यातल्या दुसऱ्या एका वर्गाकडे वळू. हा वर्ग म्हणतो, एव्हरेस्ट नको, पण मग राधानाथ सिकदार यांचे नाव द्या, आकडेमोड तर त्यांची होती! राधानाथ यांच्यावर अन्याय झाला हे खरे आहे. १८५१ च्या मोजणीशास्त्राच्या सरकारी ग्रंथात त्यांच्या कामाचा साभार उल्लेख होता. ते १८७० मध्ये वारले आणि १८७५ च्या आवृत्तीतून तो गायब झाला. यावर त्या काळच्या एका इंग्रजी वृत्तपत्रानेच मेलेल्याच्या घरी केलेली चोरी म्हणून टीका केली. हाच माणूस १८४३ मध्ये खात्यातल्या मजुरांना बेगारीला धरणाऱ्या इंग्रज मॅजिस्ट्रेटशी भांडला आणि २०० रुपये दंड भरून आला. याच माणसाने १८५४ मध्ये प्यारीचाँद मित्र यांच्याबरोबर बायकांनाही वाचता यावे म्हणून सोप्या बंगालीत मासिक काढले. त्यांची आठवण अवश्य ठेवा.

आमच्या वाचकांना आणखी एक नाव माहीत असायला हवे. अर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसेन. घड्याळे, दागिने अशी बारीक कारागिरी करणारा हा माणूस कलकत्त्याला मोजणी खात्यात आला. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते. पण मोठमोठी दुर्बिणीची यंत्रे उघडून दुरुस्त करणे, त्यांच्या चकत्यांवर अंशांच्या बारीक खुणा पाडणे हे काम त्यांच्यासारखे करणारा दुसरा नव्हता. विलायतेहून आणलेला कारागीर परत गेल्यावर त्याच्या जागी मोहसिन यांनाच नेमावे म्हणून एव्हरेस्ट कंपनी सरकारशी भांडले. देशी माणसाला ती पदवी द्यायला सरकार का-कू करत होते, पण शेवटी द्यावी लागली. आपल्या किती शाळांत हे नाव मुलांना सांगितले जाते?

पण म्हणून शिखराला सिकदार किंवा मोहसिन यांचे नाव द्या, या मागणीला आमचा सक्त विरोध आहे. सय्यद साहेब आपले म्हणून छाती फुगवून कुणी अशी मागणी केली तरी आमचे उत्तर हेच राहील. राधानाथ यांचा हक्क आकड्यावर आहे आणि मोहसिन यांचा यंत्रावर. डोंगरावर तो नाही. आकड्याच्या इतिहासात, यंत्राच्या इतिहासात त्यांना पहिल्या ओळीत बसवा. एका परक्याच्या जागी दुसरा, जरा जवळचा परका बसवला म्हणजे न्याय होत नाही. फक्त भेट घेणारा बदलतो.

तिसरा वर्ग जास्त शहाणा आहे. तो म्हणतो, खरे देशी नाव सगरमाथा आहे, तेच वापरा. नेपाळने या भागातल्या राष्ट्रीय उद्यानाला १९७६ मध्ये हेच नाव दिले. १,१४८ चौरस किलोमीटरचे सगरमाथा राष्ट्रीय उद्यान १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. मराठी वाचकाला हे नाव ओळखीचे वाटते, पण बहुतेक जण त्यात सागर शोधतात. नेपाळीत सगर म्हणजे आकाश. आकाशाचे कपाळ, असा त्याचा सुंदर अर्थ आहे.

पण हे नाव आले कुठून? १९३८ च्या सुमारास नेपाळचे इतिहासकार बाबुराम आचार्य यांनी ‘शारदा’ मासिकात एक लेख लिहिला. सगरमाथा हे नाव लोकांत आधीपासून चालत होते असे त्यांचे म्हणणे होते. काही अभ्यासक मानतात की ते त्यांनीच घडवले. ते काही असो, काठमांडूच्या राणा सरकारला हे धाडस आवडले नाही आणि आचार्यांना बोलणी खावी लागली. राणा राजवट गेल्यावर नेपाळने तेच नाव मोठ्या अभिमानाने अधिकृत केले. त्याला कारणही होते. चीनने १९५२ मध्ये एव्हरेस्ट हे नाव सोडून चोमोलुंग्माचे चिनी रूप सरकारी नकाशात आणले होते, आणि १९६० मध्ये शिखर कुणाचे हा वाद उभा राहिला. १९६१ च्या करारात सीमारेषा शिखरावरून गेली. दोन बलाढ्य शेजाऱ्यांमध्ये अडकलेल्या लहान देशाला आपल्या भाषेतले नाव हवेसे वाटले, तर त्याला आम्ही दोष देत नाही.

तरी एक प्रश्न राहतोच. खुंबूच्या खोऱ्यात, त्या उद्यानाच्या पोटात ज्यांची गावे आहेत, ते शेर्पा नेपाळी ही मातृभाषा म्हणून बोलत नाहीत. त्यांची बोली तिबेटीच्या जवळची आहे. त्यांच्या श्रद्धेत त्या डोंगरावर मियोलांगसांग्मा नावाची देवी राहते आणि ती अन्नधान्य देते. तेनझिंग नोर्गे यांनी आपल्या आत्मकथनात सांगितले आहे की त्यांच्या आईने चोमोलुंग्मा या नावाचा अर्थ त्यांना ज्यावरून पाखरूही उडून जाऊ शकत नाही इतका उंच डोंगर असा सांगितला होता. विद्वान दुसरा अर्थ सांगतात, पण आम्हाला आईचा अर्थ कमी मोलाचा वाटत नाही. २९ मे १९५३ रोजी तेनझिंग एडमंड हिलरींबरोबर ज्या शिखरावर उभे राहिले, त्याचे त्यांच्या घरातले नाव ना लंडनच्या कागदात होते, ना काठमांडूच्या.

चीनने चोमोलुंग्मा हे नाव स्वीकारले, म्हणजे तिबेटी माणसाला न्याय मिळाला असेही कुणी समजू नये. नाव घेतले आणि ज्यांचे नाव त्यांची जबान दाबली, हा सौदाही जगात चालतो. लोकांचे नाव सरकारने उचलले आणि लोकांना गप्प केले, तर ते नाव फक्त शिक्क्यासारखे वापरले जाते.

हा तिढा हिमालयापुरता नाही. अमेरिकेतल्या अलास्कात त्या खंडातले सर्वांत उंच शिखर आहे. तिथले कोयुकॉन लोक त्याला उंच या अर्थाचे देनाली हे नाव देत आले. १८९६ मध्ये सोने शोधायला गेलेल्या एका माणसाने आपल्या आवडत्या उमेदवाराचे, विल्यम मॅकिन्ले यांचे नाव त्याला दिले. मॅकिन्ले राष्ट्राध्यक्ष झाले, १९०१ मध्ये त्यांचा खून झाला, पण अलास्कात त्यांनी कधी पाऊल ठेवले नव्हते. १९१३ मध्ये शिखरावर पहिले पाऊल ठेवले ते कोयुकॉन आईच्या मुलाने, वॉल्टर हार्परने. १९७५ मध्ये अलास्का राज्याने देनाली हे नाव परत मागितले. मॅकिन्ले यांच्या ओहायो राज्यातल्या एका संसद सदस्याने ते वर्षानुवर्षे अडवून धरले. १९८० मध्ये उद्यानाचे नाव देनाली झाले, डोंगराचे मात्र मॅकिन्लेच राहिले. २०१५ मध्ये ओबामा सरकारने डोंगरालाही देनाली म्हटले आणि जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी सत्तेवर येताच पहिल्याच दिवशी हुकूम काढून पुन्हा मॅकिन्ले केले. अलास्काच्या स्वतःच्या विधिमंडळाचा याला विरोध होता. आणि या डोंगराला उत्तरेकडचे लोक उंच म्हणतात, तर दक्षिणेकडचे मोठा डोंगर या अर्थाचे वेगळेच नाव वापरतात. तिथल्या लोकांत यावरून लढाई झालेली नाही. एका डोंगराला दोन उतार असतात, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही.

आता घरी येऊ. वरच्या सगळ्या हकीकतींतून आम्हाला एकच नियम दिसतो. जागेच्या नावावर पहिला हक्क तिथे राहणाऱ्या माणसाच्या जिभेचा आहे. जिंकणाऱ्याचा नाही, मोजणाऱ्याचा नाही, राजधानीतल्या सरकारचा नाही, आणि ‘सर्वांत जुने नाव कोणते’ हे शोधणाऱ्या इतिहासकाराचाही नाही. जुनेपणाचा नियम लावला तर तो कुठेच थांबत नाही. खडकीला मलिक अंबरने शहराचे रूप दिले, त्याच्या मुलाने तिला फतेहनगर केले, औरंगजेबाने औरंगाबाद केले. यातल्या कुणीही रहिवाशांची मते मोजली नाहीत, आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर करतानाही ती मोजली गेली नाहीत. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले तेव्हाही नाहीत.

औरंगाबाद हे नाव बादशहाने दिले म्हणून ते पवित्र आहे, असे आपल्यातले जे कुणी म्हणतात त्यांना आमचा विरोध आहे. तो वॉ साहेबांचाच तर्क झाला. ते नाव मोलाचे आहे ते वेगळ्या कारणाने. साडेतीनशेहून अधिक वर्षे सर्व जातिधर्मांच्या लोकांनी ते आपल्या पत्त्यावर लिहिले, सिराज औरंगाबादींनी ते आपल्या नावाला जोडले, विणकरांनी ते आपल्या कापडाला दिले. बादशहाचे नाव लोकांच्या वापराने लोकांचे झाले. इथे कुणी विचारील, मग एव्हरेस्टही दीडशे वर्षांत रुळले, तेही राहू द्या की. आमचे उत्तर सरळ आहे. ते कुणाच्या तोंडात रुळले? दूरच्यांच्या. पायथ्याची माणसे आजही चोमोलुंग्माच म्हणतात. औरंगाबाद मात्र पायथ्याच्याच माणसांच्या तोंडात रुळले होते.

आणि हाच नियम उलट बाजूनेही लावला पाहिजे. उस्मानाबाद हे नाव निजामाच्या नावावरून आले, पण आसपासच्या खेड्यांत धाराशिव हे नाव म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी कायम होते. ते परत आले म्हणून गळा काढण्याचे आपल्याला कारण नाही. संभाजीनगर म्हणणारेही त्या शहराचेच रहिवासी आहेत आणि कित्येक वर्षे ते तसे म्हणत आले आहेत. त्यांच्या जिभेचाही हक्क आहे. आमचा झगडा त्यांच्याशी नाही. आमचा झगडा त्या हुकुमाशी आहे जो सांगतो की शहराला एकच उतार आहे, दुसऱ्या उतारावरच्या लोकांचे नाव आजपासून कागदावर ‘सापडणार नाही’.

मग करायचे काय? मोर्चा, निवेदन, अदालत हे मार्ग ज्यांना योग्य वाटतील त्यांनी ते घ्यावेत. शिक्षकाच्या हातात खडू आहे. भूगोलाच्या तासाला या शिखराची तिन्ही नावे फळ्यावर लिहावीत आणि प्रत्येकापुढे ते कोण म्हणते हे लिहावे. चोमोलुंग्मा, तिथले शेर्पा आणि तिबेटी. सगरमाथा, नेपाळ सरकार. एव्हरेस्ट, इंग्रजांचे मोजणी खाते. परीक्षेत एव्हरेस्ट लिहून मार्क मिळतील, ते घ्यावेत. पण ‘स्थानिक नाव नव्हते’ हे वाक्य कोणत्याही माध्यमाच्या मुलाच्या वहीत राहू नये. पाठ्यपुस्तक मंडळांनी ते जिथे असेल तिथून काढावे, अशी आमची मागणी आहे.

दुसरे काम जास्त जवळचे आहे. आपल्या वस्तीभोवतीच्या टेकड्या, नाले, विहिरी, बारव, माळ, दर्ग्याकडची पायवाट या सगळ्यांना नावे आहेत. काही दखनी, काही मराठी, काही दोन्हींची भेसळ. ती कुठल्याही सरकारी नकाशात नाहीत. ती आपल्या दादी-नानीला आणि शेजारच्या आजीला माहीत आहेत. मुलांना वह्या देऊन ती लिहून घ्या. एकाच टेकडीला दोन मोहल्ल्यांत दोन नावे निघाली तर दोन्ही लिहा, खोडू नका. उद्या एखादे खाते नकाशा घेऊन येईल आणि म्हणेल की इथल्या टेकडीला स्थानिक नाव सापडत नाही. तेव्हा ती वही त्याच्यासमोर ठेवता आली पाहिजे.